एररचा मजकूरही वर्णनच आहे

एआय एजंटला, म्हणजे स्वतःहून कामं करणाऱ्या भाषा-मॉडेलला, वापरायला दिलेल्या टूलला (माहिती शोधण्यासारखं एखादं काम करणाऱ्या प्रोग्रामला) नाव नीट दिलं की त्याचं वर्णन एका ओळीत उरकतं, असं काहीजण म्हणतात; ते अर्धंच पटतं. वर्णन दर विनंतीबरोबर मॉडेलकडे जातं, टोकन (मॉडेल मजकूर ज्या तुकड्यांत मोजतं ते) खातं, म्हणून पाल्हाळ नकोच. पण 'ग्राहक शोधा' आणि 'ऑर्डर शोधा' या दोन्हींखाली नुसतं 'माहिती शोधते' असेल, तर मोबाइल नंबर हातात आल्यावर एजंट कुठेही जाणार. कोणतं टूल कधी वापरायचं नाही, हे लिहावंच लागतं.

शिवाय टूलकडून येणाऱ्या एररचा मुद्दा कुणी काढत नाही. तोही मजकूर मॉडेल वाचतंच. आमच्याकडे तारीख चुकली की टूल 'अवैध इनपुट' एवढंच म्हणायचं आणि एजंट तेच तेच पाठवत बसायचा. 'तारीख २०२५-०६-०५ अशी द्या, आधी वर्ष, मग महिना' असं उत्तर यायला लागल्यावर गाडी बहुतेक वेळा पुढच्याच खेपेला रुळावर येते. नाहीतर ०५/०६ म्हणजे पाच जून की सहा मे, हे त्याने ओळखायचं कसं?