प्रति: सेशन गिटारिस्ट आणि श्रेय

'सेशन गिटारिस्ट (दुसऱ्यांच्या रेकॉर्डिंगसाठी स्टुडिओत वाजवणारा) म्हणजे रोजंदारीवरचा वादक, कागदावर लिहिलंय तेवढं वाजवायचं,' हे वर कोणीतरी म्हटलंय ते मला अजिबात पटत नाही. अमेरिकेतल्या डेट्रॉइटच्या मोटाउन या रेकॉर्ड कंपनीच्या स्टुडिओतला गिटारिस्ट रॉबर्ट व्हाइट बघा. टेम्प्टेशन्स या गायकांच्या 'माय गर्ल' (1964) या गाण्याच्या सुरुवातीला येते ती गिटारची चढती ओळ त्याने स्वतः बसवलेली. हार्मोनियमवर काढून पाहा: सा रे ग प ध सां. चक्क भूपाचा आरोह! मग कॉर्ड बदलली की हीच चाल मध्यमावरून. पहिल्यांदा माझ्या बोटांना हे सापडलं तेव्हा मी कितीतरी वेळ तेवढंच वाजवत बसलो होतो. व्हाइट बहुतेक अंगठ्याने वाजवायचा, त्यामुळे तो स्वर इतका गोल येतो.

तिथे बहुधा तीन गिटारी एकदम असत. जो मेसिना दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर ठोका धरायचा, एडी विलिस मधल्या जागा भरायचा आणि व्हाइट गाण्याला अंग द्यायचा. तिघं एकमेकांच्या वाटेत येत नाहीत, हे कुठल्या कागदावर लिहून मिळतं?

श्रेयाचं म्हणाल तर कित्येक वर्षं रेकॉर्डच्या वेष्टनावर या मंडळींची नावंच नसायची. 1971 साली मोटाउनचा गायक मार्विन गे याच्या 'व्हॉट्स गोइंग ऑन' या अल्बमवर ती आली आणि 1972 मध्ये कंपनीने मुक्काम लॉस एंजेलिसला हलवला. व्हाइट 1994 मध्ये गेला. या वादकांवरचा माहितीपट आला 2002 मध्ये. त्याला तो बघायला मिळाला नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.