विषय: प्लेऑफ, ३ मेचा कार्यक्रम आणि नागपूरचे सकाळचे साडेसात

प्रेषक: सचिव, मंडळ
शुक्रवार, १८ एप्रिल २०२५

सर्वांना नमस्कार,

महाराष्ट्र दिनाचा कार्यक्रम शनिवारी, ३ मे रोजी संध्याकाळी ठरला आहे आणि हॉलचे पैसे भरून झाले आहेत. आता अडचण अशी की आइस हॉकीच्या (एनएचएल लीगच्या) प्लेऑफचं, म्हणजे बाद फेऱ्यांचं, वेळापत्रक आलं. पहिल्या फेरीत आपल्या एडमंटन ऑइलर्ससमोर लॉस एंजेलिस किंग्ज, सलग चौथ्या वर्षी. सोमवारी २१ आणि बुधवारी २३ तारखेला सामने तिकडे, शुक्रवारी २५ आणि रविवारी २७ ला इथे कॅनडात, आपल्या एडमंटनमध्ये. मालिका सातव्या सामन्यापर्यंत ताणली गेली तर तो सामना बरोबर ३ मेला येतो.

दोन गोष्टींवर मत कळवा. एक, कार्यक्रम दुपारी घ्यायचा का? दोन, २५ तारखेचा सामना हॉलमध्ये मोठ्या पडद्यावर सगळ्यांनी मिळून बघायचा का? हो म्हणालात तर हॉल सातला उघडेल, डबा ज्याचा त्याने आणायचा.

नाना, तुम्ही यंदा इथे नाही. नवीन मंडळींना खेळ समजावून सांगायला दरवर्षी तुम्ही असता, त्याची उणीव आत्ताच जाणवते आहे.

सचिव

---

प्रेषक: नाना (सध्या मुक्काम धरमपेठ, नागपूर)
शनिवार, १९ एप्रिल २०२५

ताई आणि मंडळी,

अक्कांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालं. डॉक्टरांनी जपायला सांगितलंय, म्हणून माझं परतीचं तिकीट जूनचं आहे. चव्वेचाळीस वर्षांत पहिल्यांदाच प्लेऑफच्या वेळी मी एडमंटनबाहेर आहे. पण सामने मी सगळे बघणार. तिकडे सोमवारी रात्री आठ वाजता खेळ सुरू होईल तेव्हा इथे मंगळवारचे सकाळचे साडेसात वाजलेले असतील. नागपुरात ही तर्रीपोह्यांची वेळ. उन्हामुळे बाजारहाट दहाच्या आत उरकावी लागते, एकदा घरात शिरलं की संध्याकाळपर्यंत कूलरसमोरून कोणी हलत नाही. त्यामुळे सकाळचा सामना सगळ्यांना सोयीचा. नातीने लॅपटॉप टीव्हीला जोडून दिलाय आणि कॉलनीतली सातआठ जणं येतो म्हणालीत.

त्यातल्या एका शाळकरी मुलाने विचारलं, एवढा बर्फ आणतात कुठून? मी त्याला सांगितलं की बर्फ आणत नाहीत, तिथेच धरवतात. काँक्रीटच्या फरशीखाली नळ्या असतात, त्यांतून खूप गार केलेलं खारं पाणी फिरवतात आणि वरून पाण्याचे पातळ थर देत जातात. सगळा थर मिळून जेमतेम इंचभर. दोनशे फूट लांब आणि पंच्याऐंशी फूट रुंद असा तो इंचभर बर्फ, आणि त्यावर माणसं एवढ्या वेगाने पळतात. तो कूलरच्या ओल्या ताटीला हात लावून बराच वेळ बसला होता.

किंग्जबद्दल मला जरा सविस्तर सांगायचं आहे. नवीन मंडळी म्हणतात, गेली तीन वर्षं आपणच जिंकलो, यंदाही जिंकू. २०२२ मध्ये सात सामन्यांत, २०२३ मध्ये सहा, २०२४ मध्ये पाच. आकडे बरोबर आहेत. पण मी १९८१ च्या शरद ऋतूत एडमंटनला उतरलो आणि माझ्या पहिल्याच हिवाळ्यात ऑइलर्सच्या ग्रेट्झ्कीने ९२ गोल केले. शहरात दुसरा विषयच नव्हता. साखळीत आपण किंग्जच्या ४८ गुण पुढे होतो. पहिली फेरी तेव्हा पाच सामन्यांची असे. तिसऱ्या सामन्यात आपण ५-० पुढे होतो, किंग्जने तो ६-५ असा ओव्हरटाइममध्ये घेतला आणि पुढे मालिकाही घेतली. मला तेव्हा ऑफसाइडसुद्धा नीट कळत नव्हता, पण दुसऱ्या दिवशी ऑफिसातली शांतता अजून आठवते. मग १९८८ च्या ऑगस्टमध्ये ग्रेट्झ्कीच किंग्जकडे गेला आणि १९८९ मध्ये त्याच्याच संघाने आपल्याला पहिल्या फेरीत सात सामन्यांत बाहेर काढलं. त्यामुळे समोर किंग्ज आहेत म्हटल्यावर मी आरामात बसत नाही. यंदा तर घरच्या मैदानाचा फायदाही त्यांच्याकडे आहे आणि घरी त्यांनी ४१ पैकी ३१ सामने जिंकलेत.

तरीही माझ्या मनात आशा आहे, आणि ती नागपुरातूनच आली आहे.

गेल्या वर्षीची फायनल आपल्यापैकी कोणी विसरलेलं नाही. फ्लोरिडाविरुद्ध पहिले तीन सामने गेले, मग आपण ८-१, ५-३, ५-१ असे तीन ओळीने घेतले आणि २४ जूनला सातवा २-१ ने गेला. स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू आपला मॅकडेव्हिड ठरला, पण ते बक्षीस घ्यायला तो बर्फावर आलासुद्धा नाही. त्याच वर्षी मार्चमध्ये इथे विदर्भ वानखेडेवर रणजीची फायनल मुंबईकडून हरला होता. ५३८ धावांचं लक्ष्य होतं. कर्णधार अक्षय वाडकरने शतक काढलं, ३६८ पर्यंत पोचले आणि १६९ धावांनी हरले. दोन्ही संघांचं सारखंच झालं. आधी कोणी धरतच नव्हतं, मग झुंजले, मग थोडक्यात राहिलं.

यंदा काय झालं ते मी इथे बसून पाहिलं. विदर्भाने उपांत्य सामन्यात त्याच मुंबईला नागपूरच्या जामठा मैदानावर ८० धावांनी हरवलं. फायनलला केरळ. पहिल्या डावात आपल्या ३७९, त्यांच्या ३४२. सामना अनिर्णित राहिला आणि त्या ३७ धावांच्या आघाडीवर चषक आला. पाचव्या दिवशी, २ मार्चला, मी जामठ्याला होतो. दानिश मालेवारचे १५३ आणि करुण नायरचं दुसऱ्या डावातलं शतक लोक सांगत राहतील, पण मला हर्ष दुबेचे ६९ बळी जास्त मोठे वाटतात. एका हंगामात इतके बळी रणजीत कोणी घेतले नव्हते. ते सगळे काही फायनलमध्ये घेतलेले नाहीत. ऑक्टोबरपासून, कोणी बघायला नसलेल्या सकाळी, ओव्हरमागून ओव्हर टाकून घेतलेत.

स्टॅन्ली कप, म्हणजे लीगचा चषक, घ्यायला १६ विजय लागतात. आपल्या संघाने फ्लोरिडाचं नाव आत्ता काढू नये एवढंच मला वाटतं. सोमवारचा एक, मग पुढचा.

ताई, कार्यक्रम दुपारी घ्या. २५ तारखेला हॉल जरूर उघडा. नवीन मंडळींना एवढं सांगून ठेवा की प्लेऑफमध्ये बरोबरी झाली तर शूटआउट नसतो. वीस वीस मिनिटांचा जादा खेळ, गोल पडेपर्यंत. डबा थोडा जास्तीचा आणायला सांगा.

नाना

---

प्रेषक: छोटू
शनिवार, १९ एप्रिल २०२५

नाना, नमस्कार.

तुम्ही जामठ्याचं लिहिलं अन् मी ते तीनदा वाचलं. २ मार्चला मी इथे रात्रभर जागून मोबाइलवर स्कोअर पाहून राहिलो होतो.

तयारीबद्दल मला जी काळजी आहे ती लिहितो. मार्चच्या शेवटी मॅकडेव्हिड अन् ड्रायसाइटल दोघंही दुखापतीने बाहेर होते, आता दोघंही परत आलेत. ड्रायसाइटलचे यंदा ५२ गोल, लीगमध्ये सगळ्यात जास्त. मॅकडेव्हिडचे इतके सामने बुडूनही बरोबर १०० गुण (गोल अन् असिस्ट, म्हणजे गोलाला दिलेले पास, मिळून). पुढच्या फळीची मला चिंताच नाही. चिंता मागे आहे. एकहोम परत आला अन् लगेच पुन्हा जायबंदी झाला, पहिल्या फेरीत तरी खेळणार नाही. बचावातला सगळ्यात शांत माणूस तोच. मार्चमध्ये बचावपटू वॉलमनला घेतलं ते बरं झालं. गोलमध्ये स्किनर आहे. तो एडमंटनचाच पोरगा, गावातल्या लोकांसमोर गोल खाणं सोपं नसते. गेल्या वर्षी व्हँकुव्हरविरुद्ध त्याला दोन सामने बाहेर बसवून दुसरा गोलरक्षक पिकार्डला खेळवलं होतं, मग तो परत आला तो फायनलच्या सातव्या सामन्यापर्यंत उभा राहिला. यंदाही प्रशिक्षक नॉब्लॉक दोघांनाही तयार ठेवतील असं मला वाटते.

गेल्या जूनमध्ये मी रॉजर्स प्लेसच्या, म्हणजे ऑइलर्सच्या स्टेडियमच्या, बाहेर गर्दीत उभा होतो. तिकीट परवडण्यासारखं नव्हतं. सातवा सामना हरल्यावर शेजारचा एक अनोळखी आजोबा माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, पुढच्या वर्षी इथेच भेटू. मी जाणार आहे तिथेच.

नाना, एक विनंती आहे. माझे बाबा नागपुरातच मानेवाड्याला असतात. फोनवर मी हॉकीचं सांगतो तर ते हो हो म्हणतात, पण त्यांना काही उमजत नाही. आई गेल्यापासून सकाळी घरात एकटेच असतात. त्यांनाही मंगळवारी बोलवाल का? नंबर वेगळा पाठवतो.

छोटू

---

प्रेषक: काकू
रविवार, २० एप्रिल २०२५

सगळ्यांना नमस्कार,

मी कॉलेजात असताना नागपुरात हॉकी खेळले आहे, मातीवरची. गुडघ्यावरचे व्रण अजून आहेत. इकडे आले तेव्हा लोक हॉकी म्हणायचे आणि मला वाटायचं ही आपली हॉकीच नव्हे. त्यात १९७६ चं माँट्रियल मनात सलत होतं. ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा कृत्रिम गवतावर हॉकी झाली ती तिथे, आणि आपला भारत सातवा आला. आमच्याकडे तसं गवत कोणी डोळ्यांनी पाहिलेलंही नव्हतं. त्या रागाने मी कित्येक वर्षं आइस हॉकी लावलीच नाही.

मला ती आवडायला लागली ती शिक्षेच्या त्या दोन मिनिटांमुळे. एक गडी बाहेर, चार जणांनी पाच जणांना अडवायचं. गेल्या ऑगस्टमध्ये पॅरिसला ब्रिटनविरुद्ध अमित रोहिदासला लाल कार्ड मिळालं आणि आपले दहा जण जवळजवळ तीन क्वार्टर खेळले. मागे श्रीजेश उभा. शूटआउटमध्ये ४-२ जिंकलो तेव्हा मी स्वयंपाकघरात रडले. तसं बचावाचं खेळणं मला गोल मारण्यापेक्षा मोठं वाटतं. गेल्या वर्षी ऑइलर्स फायनलला गेले तेही अशाच बचावावर. मॅकडेव्हिडच्या ३४ असिस्टचा विक्रम सगळ्यांना पाठ आहे, त्या बचावाचं कोणी बोलत नाही. एकहोम नाही म्हणताय तर माझी भीती तिथेच आहे. उगाच शिक्षा ओढवून घेऊ नका म्हणावं त्या पोरांना.

कार्यक्रमाचं म्हणाल तर दुपारी घ्यायला माझी हरकत नाही, पण छोटा करायचा नाही. लेझीम आणि पोवाडा पूर्ण व्हायलाच हवेत. मुलं पाडव्यापासून सराव करताहेत. त्यांचीही ती फायनलच आहे.

काकू

---

प्रेषक: सचिव, मंडळ
रविवार, २० एप्रिल २०२५

ठरलं. ३ मेला कार्यक्रम दुपारी एकला सुरू, लेझीम आणि पोवाडा पूर्ण, काहीही कापायचं नाही. २५ तारखेला हॉल सातला उघडेल. काकू, नवीन मंडळींना खेळ तुम्ही समजावून सांगाल का? तुमचं पत्र वाचल्यावर दुसरं कोणाचं नाव सुचत नाही.

सचिव

---

प्रेषक: नाना
मंगळवार, २२ एप्रिल २०२५

मंडळी,

तुमच्याकडे आता मध्यरात्र होत आली असेल आणि झोप कोणालाच नसेल. तरी लिहितो.

पहिल्या सामन्यात ०-४ झाल्यावर इथे दोनतीन जण चप्पल शोधायला लागले होते. काकूंची भीती खरी ठरली, शिक्षेच्या वेळीच गोल बसला. मी म्हटलं, थांबा, अजून वीस मिनिटं आहेत. मग ड्रायसाइटलपासून सुरुवात झाली आणि शेवटी ५-५. गॅलरीतून शेजारच्या वहिनी विचारत होत्या की क्रिकेट कुठे चालू आहे. आणि बेचाळीस सेकंद उरले असताना किंग्जच्या दानोने गोल केला. ६-५. १९८२ चाच आकडा, तोच संघ. मी थोडा वेळ गप्प बसून राहिलो. त्या वेळी पाच गोलांची आघाडी गमावून हरलो होतो, आज चार गोल मागून वर येऊन हरलो. माझ्या दृष्टीने हे दोन पराभव एका जातीचे नाहीत. शेवटच्या वीस मिनिटांतला संघ बुधवारी पहिल्या मिनिटापासून खेळला तर मालिका १-१ होऊन घरी येईल.

छोटू, तुझे बाबा पावणेसातलाच स्कूटरवर आले. इस्त्रीचा शर्ट घालून. पहिला अर्धा तास त्यांना (चेंडूऐवजी वापरतात ती) चकतीच दिसत नव्हती. मी म्हटलं चकती पाहू नका, माणसं कुठे वळतात ते पाहा. मग दिसायला लागली. मॅकडेव्हिड त्यांनी स्वतः ओळखला, ९७ नंबर कोणी न सांगता. सामना संपल्यावर त्यांनी मला एकच विचारलं, गेल्या वर्षी माझा पोरगा बाहेर उभा होता तो कुठे? मी रॉजर्स प्लेसच्या बाहेरच्या गर्दीचा फोटो शोधून दाखवला. त्यांनी तो मोठा करून बराच वेळ पाहिला, तू कुठे दिसतोस का म्हणून.

गुरुवारी सकाळी साडेसातला पुन्हा येतो म्हणालेत. पोहे ते आणणार आहेत, मानेवाड्याहून.

नाना