मॅग्ना कार्टाची आरती पुरे

खवचट_खंडू
काल इथे एकाने लिहिलं, '1215 साली रनीमीडच्या कुरणात मॅग्ना कार्टा या सनदेने सामान्य इंग्रजाला हक्क मिळाले, आपण आज खातोय ती त्याचीच फळं.' उत्तर लांबलं, म्हणून वेगळा धागा.

कुठला सामान्य माणूस हो? इंग्लंडच्या जॉन राजाने फ्रान्समधली नॉर्मंडी घालवली, ती परत मिळवायला सरदारांना पिळून काढलं, 1214 मध्ये बुव्हिनच्या लढाईत त्याच्या दोस्तांनी मार खाल्ला. मग सरदारांनी लंडन धरलं आणि राजाकडून सनदेवर शिक्का घेतला. जूनमध्ये शिक्का, ऑगस्टमध्ये पोपने सनद रद्द. निवाड्याशिवाय कुणाला कैद नाही, हे 39 वं कलम सगळे नाचवतात, ते फक्त स्वतंत्र माणसासाठी होतं. वेठीला बांधलेल्या कुळांचं काय? त्यांची तक्रार जमीनदाराच्याच कचेरीत, त्याच्याच कारभाऱ्यासमोर. सतराव्या शतकात एडवर्ड कोक या कायदेपंडिताने राजाशी भांडताना ही सनद बाहेर काढली नसती तर आज कुणी नावही घेतलं नसतं.

कोर्टातली_ताई
अर्धंच सांगितलंत. 1216, 1217, 1225, सनद पुन्हा पुन्हा निघाली. 1225 ची तर लोकांनी पैसे मोजून घेतली: जंगम मालमत्तेचा पंधरावा हिस्सा कर. मेलेल्या कागदासाठी कोण देतं? आणि विधवेचं लग्न जबरदस्तीने लावायचं नाही, हे 8 वं कलम सोयीस्कर गाळलंत. विधवांची लग्नं म्हणजे राजाला कमाई होती.

खवचट_खंडू
8 वं वाचलंत, आता 54 वं वाचा. खुनाच्या बाबतीत बाईच्या फिर्यादीवरून कुणाला अटक करायची नाही, तिच्या नवऱ्याचा खून सोडून. हीच का ती फळं?
1215 चं खरं काम रोममध्ये झालं. तोवर इंग्लंडात आरोपीच्या हातात तापलेलं लोखंड द्यायचे, मग हाताला पट्टी बांधायचे, तीन दिवसांनी पट्टी सोडून जखम चिघळली का ते बघायचे. पोपच्या लॅटरन परिषदेने पाद्र्यांना त्यातून बाहेर काढलं, मग न्यायाधीशांपुढे प्रश्न: आता निवाडा करायचा कसा? म्हणून शेजारपाजारचे बारा जण बसवले. सरदारांचा काय संबंध?

बांधावरचा_म्हसोबा
दोघंही जॉनलाच धरून बसलात. सामान्यांसाठी काही केलं असेल तर त्याच्या बापाने, दुसऱ्या हेन्रीने. कुणी जमिनीवरून हुसकावलं तर राजाचा हुकूम आणायचा, शेजारचे बारा जण आधी जमीन बघून येणार, आणि प्रश्न एकच: निवाडा नसताना याला बाहेर काढलं का? मालकी कुणाची ते नंतर. आपल्याकडे विशिष्ट अनुतोष कायद्याचं (Specific Relief Act) कलम 6 याच चालीवर आहे. ताबा गेल्यापासून सहा महिन्यांत दावा लावा, कोर्ट मालकी विचारत नाही.
मला हे कळलं तेव्हा सहा महिने उलटून गेले होते. भावकीने बांध रेटला, माझ्या तुरीत नांगर घातला. वडील म्हणाले, आपलीच माणसं आहेत, बसून मिटवू. बसलो की. चहा झाला, पोहे झाले, पुढच्या पेरणीला त्यांचंच सोयाबीन उगवलं.

खवचट_खंडू
धागा इंग्लंडचा आहे. तुमच्या तुरीचा नाही.

बांधावरचा_म्हसोबा
साहेब, तुमचं ज्ञान पुस्तकातलं, माझी जमीन गेलीय. कायदा रोजच्या जगण्यात कसा येतो तेच सांगतोय.

टेम्सकाठी
म्हसोबांना पाठिंबा. मी इंग्लंडात राहते. इथे मॅग्ना कार्टा छापलेले चहाचे मग विकतात, पण 1217 च्या वनसनदेचं नाव शेजाऱ्यांनाही माहीत नाही. राजाचं हरीण मारलं म्हणून जीव किंवा हातपाय घ्यायचे नाहीत, रानात डुकरं चारायची मुभा, हे त्यात होतं. 1971 पर्यंत ती कायद्यात होती. सरपण आणि चराईपेक्षा रोजचं आणखी काय असतं?

खवचट_खंडू
वनसनद मान्य. तीही स्वतंत्र माणसांसाठीच, पण मान्य. खूश?

कोर्टातली_ताई
कुळांना हुकूम मागता येत नव्हता, तो मुद्दा म्हसोबांच्या हेन्रीलाही लागू आहे, तिथे मात्र तुम्ही गप्प! आणि म्हसोबा, वकिलाने सहा महिन्यांचं सांगितलं नाही?

बांधावरचा_म्हसोबा
वकील तारखा घेत होता, मी त्याची फी भरत होतो.

निनावी_पाटील
वेळेत गेला नाहीत, आता रडून काय उपयोग? आमच्या गावात सगळे असेच.

बांधावरचा_म्हसोबा
तुम्ही नक्की कुणाच्या बांधावर उभे आहात, पाटील?

कोर्टातली_ताई
भांडू नका. कलम 6 गेलं तरी मालकीच्या जोरावर ताब्याचा दावा लावता येतो, त्याला बारा वर्षांची मुदत आहे. सातबारा तुमच्या नावावर आहे ना? सरकारी मोजणी करून घेतलीत?

बांधावरचा_म्हसोबा
घेतली. मोजणीवाला दुपारी भावकीकडेच जेवला.