गोवर आणि कडुनिंबाचा पाला

अंथरुणात कडुनिंबाचा पाला घातला की गोवर लवकर उतरतो, असं वर कुणीतरी लिहिलंय. पाल्याला माझी हरकत नाही. आमच्या खानापूरकडे दाराला डहाळी लावतात, निदान येणारा-जाणारा बाहेरच थबकतो. फक्त ती लागते पुरळ दिसल्यावर, आणि संसर्ग त्याच्या ४ दिवस आधीपासून सुरू असतो.

पथ्य म्हणून दूध-अंडी बंद करणं मात्र चूकच. दूध-अंड्यांतून मिळणारं अ जीवनसत्त्व गोवरात झपाट्यानं घटतं, डोळ्यांवर बेततं. म्हणून डॉक्टर त्याचे लागोपाठ २ दिवस डोस देतात. वर्षावरच्या मुलाला दर वेळी २ लाख युनिट. हे इथे कुणीच लिहिलं नाही. धाप लागली तर पाला-बिला बाजूला ठेवून थेट दवाखाना गाठा.