फिश टँकमधल्या अनुबियास या पाणवनस्पतीवर काळं शेवाळ, लाइट कमी करू की खत?

काचपेटी_६०: २ फुटी टँक आहे, ६० लिटर, सीओटू (झाडांसाठी पाण्यात सोडतात तो कार्बन डायऑक्साइड) नाही. एलईडी सकाळी ९ ते रात्री ८ चालू. अनुबियासच्या पानांच्या कडेला काळे केसाळ गोंडे आलेत, नखाने खरवडले तरी निघत नाहीत, आणि व्हॅलिसनेरियाची (लांब पट्टीसारख्या पानांचं पाणझाड) जुनी पानं पिवळी पडतायत. दुकानदार म्हणाला खत बंद करा, ३ आठवडे काहीच घातलं नाही तर उलट वाढलंच.

हिरवं_पाणी: अहो ११ तास खूप झाले! सीओटू नसताना ६ तासांवर आणा, टायमर लावा. लाइट जास्त तेवढी झाडांची भूक जास्त, आणि तुम्ही तर जेवणच बंद केलंत. जुनी पानं पिवळी म्हणजे बहुतेक नायट्रोजन कमी पडतोय, नवीन पानं फिकट असती तर लोह म्हटलं असतं. खत अर्ध्या डोसने परत सुरू करा.

तळ्याकाठी: +१. अनुबियास फार हळू वाढतं, पान महिनोन्महिने तेच राहतं म्हणून शेवाळ आधी त्यावरच बसतं. व्हॅलिसनेरियाच्या सावलीत सरकवा, खराब पानं सरळ कापा. राइझोम (अनुबियासचं आडवं जाड खोड) मात्र वाळूत पुरू नका, कुजतो.

काचपेटी_६०: ५ पानं कापली आत्ताच, टायमर दुपारी ४ ते १०. खूप आभार, महिन्याने फोटो टाकतो.