‘मीट’ म्हणजे मांस कधीपासून?

प्रश्न

१६११च्या किंग जेम्स बायबलमधल्या काही उताऱ्यांचा मराठी अनुवाद माझ्याकडे तपासायला आला आहे. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात देव माणसाला बी देणारी झाडंझुडपं आणि फळं देतो आणि म्हणतो, ‘टू यू इट शॅल बी फॉर मीट’. लगेच पुढच्या वचनात पशुपक्ष्यांना हिरवा पाला दिला आहे, तोही ‘फॉर मीट’च. अनुवादकाने दोन्हीकडे ‘मांस’ लिहिलं आहे. पाल्याचं मांस कसं होईल? पण माझ्याजवळच्या शब्दकोशात पहिला अर्थ मांस हाच आहे, त्यामुळे नुसतं खोडायला हात धजत नाही. जाणकारांनी सांगावं.

उत्तर

ताई, खुशाल खोडा. जुन्या इंग्रजीत हा शब्द ‘मेटे’ असा होता आणि त्याचा अर्थ अन्न, खाण्याची कुठलीही वस्तू. मांसाला त्या काळी ‘फ्लेश’ म्हणत. स्वीडिश भाषेत याच कुळातला ‘मात’ हा शब्द आजही जेवणाखाण्यालाच वापरतात. पुढे ‘मीट’चा अर्थ आक्रसत मांसापर्यंत आला, पण जुना अर्थ एकदम गेला नाही. दोन्ही अर्थ कित्येक शतकं एकाच घरात नांदले. सॅम्युएल जॉन्सनने १७५५ साली आपला कोश छापला तेव्हा ‘मीट’खाली आधी ‘खाण्याचं मांस’ आणि मग ‘एकंदर अन्न’ असे दोन्ही अर्थ दिले. म्हणजे बायबलच्या त्या अनुवादानंतर जवळजवळ दीडशे वर्षांनीही कोशकाराला दुसरा अर्थ सोडता आला नव्हता. आपल्याकडच्या मिठाईच्या दुकानांवर ‘स्वीटमीट’ अशी पाटी दिसते, तिच्यातही हाच जुना ‘मीट’ आहे. गोड खाऊ, एवढंच.

उत्तर

‘मिन्समीट’ पण त्यातलंच ना? नाताळच्या पायमध्ये घालतात ते. त्यात मनुका, सफरचंद, मसाले असतात, मांस कुठे असतं?

उत्तर

दिसायला तसंच दिसतं, पण हे उदाहरण इथे लागू पडत नाही. मिन्समीटमध्ये पूर्वी खरोखरच बारीक चिरलेलं मांस घालत. पुढे पदार्थातून मांस गेलं आणि नाव तेवढं उरलं. ‘स्वीटमीट’मध्ये शब्द जुना राहिला, ‘मिन्समीट’मध्ये पदार्थ बदलला. व्युत्पत्ती बघताना या दोन गोष्टींची गल्लत फार होते.

उत्तर

‘डिअर’ची गोष्ट अशीच आहे आणि ती मला सगळ्यांत आवडते. जुन्या इंग्रजीत ‘देओर’ म्हणजे कुठलाही पशू. जर्मनमध्ये ‘टिअर’ म्हणजे अजूनही प्राणीच. शेक्सपिअरच्या ‘किंग लिअर’मध्ये उंदीर-घुशींनाही ‘स्मॉल डिअर’ म्हटलं आहे. आज तिथे कुणी ‘छोटी हरणं’ असा अनुवाद केला तर काय होईल? आता आपला ‘मृग’ घ्या. संस्कृतात मृग म्हणजे मुळात रानातलं जनावर. म्हणून सिंह मृगेंद्र, माकड शाखामृग आणि शिकार ती मृगया. मराठीत मात्र मृग म्हणजे हरीण. दोन भाषा एकमेकींपासून इतक्या दूर, आणि दोघींनी जनावर सोडून नेमकं हरीणच धरलं! दोन्हीकडे शिकार म्हटली की आधी हरीणच डोळ्यांसमोर येत असणार, असं मला वाटतं.

उत्तर

हे सगळं वाचून वाटतं, इंग्रजीत अर्थ फारच भ्रष्ट झाले.

उत्तर

भ्रष्ट का म्हणावं? मग आपलं काय? संस्कृतात ‘राग’ म्हणजे रंग, प्रीती. ‘अनुराग’मध्ये ती अजून आहे. मराठीत राग आला की भांडण. ‘शिक्षा’ म्हणजे शिकवणं; आपण ती गुन्हेगाराला देतो. आणि ताईंच्या प्रश्नाला अगदी जवळचा शब्द ‘आमिष’. संस्कृतात आमिष म्हणजे मांस, म्हणूनच सामिष आणि निरामिष जेवण. मराठीत नुसतं ‘आमिष’ म्हटलं की प्रलोभन. इंग्रजीत अन्नाचं मांस झालं, मराठीत मांसाची लालूच झाली.

जॉन्सनलाही सुरुवातीला भाषा एका जागी बांधून ठेवता येईल अशी आशा होती. तीन वर्षांत काम उरकेल म्हणाला, नऊ लागली. ४२,७७३ शब्द आणि लाखाहून जास्त अवतरणं गोळा केल्यावर त्याने प्रस्तावनेत मान्य केलं की शब्दांना साखळदंड घालणं म्हणजे वाऱ्याला चाबूक मारणं. त्याच्या कोशाबद्दल मला आदर आहे तो या प्रांजळपणासाठी. आणि अवतरणांसाठी. अर्थ मनाने न ठरवता शब्द वापरलेली वाक्यं समोर ठेवायची, ही शिस्त त्याने इंग्रजी कोशाला लावली.

एक सावधगिरी मात्र हवी. जॉन्सनची अवतरणं बहुतेक सोळाव्या शतकाच्या शेवटापासूनची आहेत, त्यामागचं त्याच्याकडे फार मिळत नाही. ‘नाइस’ बघा. त्याच्याकडे अर्थ ‘बारकाईने पारखणारा, काटेकोर’. त्याआधीच्या मजकुरात हाच शब्द ‘मूर्ख’ या अर्थी येतो, कारण मूळ लॅटिन ‘नेस्किउस’ म्हणजे अजाण. ‘स्टार्व्ह’ आधी नुसतंच मरणं होतं. जॉन्सन भुकेने मरणं आणि थंडीने मरणं असे दोन्ही अर्थ देतो. अशा वेळी ऑक्सफर्डचा मोठा कोश उघडावा. त्याचा पहिला भाग १८८४ला निघाला आणि शेवटचा १९२८ला. त्यात प्रत्येक अर्थाखाली सालवार अवतरणं आहेत.

प्रश्नकर्ती

सगळ्यांचे आभार. माणसांसाठी ‘अन्न’ करते. पशुपक्ष्यांसाठी ‘चारा’ लिहिलं तर पक्षी सुटतात. ‘भक्ष्य’ चालेल का?

उत्तर

नको, ताई. संस्कृतात भक्ष्य म्हणजे खाण्याजोगं काहीही, पण आज मराठी वाचकाला भक्ष्य दिसलं की त्यामागे वाघ दिसतो. ज्या खड्ड्यातून अनुवाद बाहेर काढलात, त्यातच तो परत पडेल. ‘खाद्य’ लिहा.