कोरड्या नदीखोऱ्यात चालू पड आणि ओसाड जमीन वेगळी कशी ओळखायची?

मंडळी, मदत हवी आहे. एका कोरड्या नदीखोऱ्यातला १९८० च्या दशकापासूनचा बदलता जमीनवापर लँडसॅट उपग्रहांच्या ३० मीटर चित्रांवरून (एक ठिपका म्हणजे जमिनीवरचे ३० मीटर) तपासतोय. एकाच तारखेच्या चित्रात चालू पड (त्या वर्षी पेरणी न केलेली शेतजमीन), ओसाड माळ आणि नदीचं वाळूचं पात्र जवळपास सारखंच दिसतं. त्यात तुलनेतलं एक वर्ष चांगल्या पावसाचं आणि दुसरं दुष्काळाचं निघालं, की शेतीच घटल्याचा भास होतो. प्रत्यक्षात त्या वर्षी फक्त पेरणी झालेली नसते. यावरून उद्या कुणी पाण्याचं नियोजन केलं तर? म्हणून काळजी वाटते.

विहिरींवरची बागायत उन्हाळ्यातही हिरवी असते, ती सापडते. पण अभ्यासाच्या काळातल्या प्रत्येक टप्प्याची लागोपाठ तीन-चार वर्षं घेऊन एनडीव्हीआयचा (चित्रातून हिरवाई मोजणाऱ्या निर्देशांकाचा) चढउतार पाहिला, तर पड वेगळी निघेल का? नदीचं पात्र वेगळं ओळखायला उंचीचा नकाशा जोडावा का? अनुभव असल्यास कृपया सांगा.